ठाणे ते कच्छचं छोटं रण, घरच्या गाडीने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या डिसेंबरात आम्ही सहा जण मानपाड्याहून निघून कच्छच्या छोट्या रणात जाऊन आलो. आई (वय ७४), मी, नवरा, माझी नणंद आणि दोन मुलं, एक नऊ वर्षांची आणि एक चौदाचा. आल्यापासून लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेच तेच प्रश्न येतायत, आणि उत्तर अर्ध्यावर असतानाच मजला येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं.

छोटं रण म्हणजे ते पांढरं वाळवंट, तंबू, रोषणाई, तेच ना?

नाही. ते धोरडो. भुजच्या उत्तरेला, मोठ्या रणात. छोटं रण त्याच्या अलीकडे, आग्नेयेला आहे. अहमदाबादहून विरमगाम आणि पुढे दसाडा, बजाणा, झैनाबाद ही त्याच्या कडेची गावं. इथलं अभयारण्य सुमारे ४९५४ चौरस किलोमीटर पसरलंय. पालघर वेगळा झाल्यावर आपला ठाणे जिल्हा जेवढा उरला, त्याहूनही मोठं.

आणि वाळू नाही. मुलांच्या डोक्यात उंट आणि टेकड्या असतील तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या तासात तोंडं पडतात. हा कधीकाळी समुद्राचा फाटा होता, गाळाने भरत गेला. पावसाळ्यात बनास, रूपेण, सरस्वती या नद्या इथे येऊन सांडतात, कच्छच्या आखाताकडून खारं पाणीही शिरतं आणि सगळं उथळ तळं होऊन जातं. मग ते आटतं. उरतो तो भेगाळलेला, कडक, सपाट चिखल. मध्येमध्ये थोडे उंचवटे असतात, त्यांना तिथे बेट म्हणतात. पावसाळ्यात ती खरोखरच बेटं असतात.

सहाशे किलोमीटर जाऊन गाढवं बघायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय, बहुतेक वेळा हसत. गाढवं नव्हेत, रानगाढवं. तिथे त्यांना घुडखर म्हणतात. बदामी अंग, पांढरं पोट, मानेपासून शेपटीपर्यंत गडद पट्टा आणि आखूड उभी आयाळ. ओझं वाहणाऱ्या गाढवापेक्षा घोड्याच्या जवळ जाणारी चाल. पळायला लागली की ताशी ७० किलोमीटरपर्यंत जातात असं सांगतात. आमच्या जीपला समांतर एक नर काही वेळ धावला तेव्हा मला ते खोटं वाटलं नाही.

ही उपजात एकेकाळी सिंधपासून वायव्य भारतभर होती. आता जगात ती उरलीय ती रणात आणि त्याच्या आसपास. १९६० च्या दशकात रोगांच्या साथींनंतर ती काही शेकड्यांवर आली होती. पुढे अभयारण्य झालं, संख्या सावरली. २०२० च्या गणनेत ६०८२ आणि २०२४ च्या गणनेत ७६७२ घुडखर मोजले गेले. आपल्याकडे वन्यप्राण्यांची बातमी बहुतेक वेळा 'उरले एवढेच' अशी असते. इथे उलटी आहे, आणि मुलांना ती एकदा दाखवावी असं मला वाटलं.

कधी जावं?

नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात, म्हणजे साधारण १६ जून ते १५ ऑक्टोबर, अभयारण्य बंद असतं. दिवाळीच्या सुट्टीत उघडलेलं असतं खरं, पण पाऊस लांबला असेल तर जमीन ओलीच असते आणि जीप आत फार जात नाही. शिवाय दिवाळीत अख्खा गुजरात रस्त्यावर असतो. मार्चच्या मध्यानंतर ऊन डोक्यावर बसतं, आणि रणात सावली ही गोष्टच नाही.

उत्तरायणाला, म्हणजे १४-१५ जानेवारीला, अहमदाबादेतून जाणं टाळा. पतंगांपायी दुकानं बंद असतात आणि सगळे गच्चीवर. पतंगच बघायचे असतील तर गोष्ट वेगळी.

किती दिवस लागतात?

पाच. चारमध्ये होतं, पण मग ती सहल राहत नाही, ड्युटी होते. आमचं असं होतं: पहिल्या दिवशी ठाणे ते बडोदा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दसाडा, संध्याकाळी रणात. तिसरा पूर्ण दिवस रणात. चौथ्या दिवशी मोढेरा-पाटण करून बडोद्याला परत. पाचव्या दिवशी घर.

माझा नवरा म्हणत होता की एका दमात बारा-तेरा तासांत पोहोचू. पोहोचलो असतोही, पण आईचे गुडघे आणि धाकटीचं पोट यांनी ते ठरवायचं होतं, त्याने नाही.

रस्ता कसा आहे? कुठून जायचं?

ठाण्याहून घोडबंदर रोड, गायमुखचा घाट, फाउंटन हॉटेलचा नाका, आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ४८. इथवर जे होईल ते तुमचं नशीब. घोडबंदरला राहणाऱ्याने याबद्दल काय लिहायचं? आम्ही पहाटे चार वाजता निघालो आणि घाट पंधरा मिनिटांत पार केला. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका सात वाजता निघाले होते, तर ते नऊला वर्सोवा पुलावर होते. यापुढे काही सांगायची गरज नाही.

भिवंडी-वाडा-मनोर हा दुसरा पर्याय. अवजड गाड्यांनी तो खाऊन टाकलाय, पहाटेच्या अंधारात खड्डा दिसत नाही. घोडबंदर बंदच असेल तर त्या वाटेला जा.

मनोर, चारोटी, तलासरी करत उजाडेपर्यंत गुजरातच्या हद्दीत शिरता. वापी, वलसाड, नवसारी, मग सुरतला बाहेरून कामरेजने वळसा. ट्रक उजव्या लेनमध्ये निवांत चालतात, हॉर्न देऊन उपयोग नसतो, डावीकडून काढायचा मोह होतो. काढू नका. खरी गाठ अंकलेश्वर-भरूचला पडते. कारखाने, ट्रक आणि नर्मदेवरचा पूल. केबलचा नवा पूल २०१७ मध्ये झाल्यापासून बरं आहे म्हणतात, तरी आम्ही तिथे पाऊण तास काढला. मुलांना मी सांगितलं, ही नर्मदा. चिरंजीव म्हणाले, दिसतेय, कधीची दिसतेय.

भरूच ते बडोदा हा दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा तुकडा २०२४ मध्ये सुरू झाला. बडोदा ते अहमदाबाद हा ९३ किलोमीटरचा जुना एक्सप्रेसवे सरळसोट आहे, इतका की चालवणाऱ्याला झोप येते. शेजारी बसणाऱ्याने बोलत राहायचं. अहमदाबाद शहरात शिरू नका. सरदार पटेल रिंग रोडने साणंदच्या बाजूला निघा, मग विरमगाम, मग दसाडा. विरमगामनंतर रस्ता अरुंद होतो आणि एकदम लक्षात येतं की क्षितिज खाली गेलंय.

अंतरं ढोबळमानाने अशी: ठाणे-बडोदा ४०० किलोमीटर, बडोदा-अहमदाबाद १००-११०, अहमदाबाद-दसाडा शंभराच्या आत.

मुक्काम बडोद्यालाच का?

मध्यावर येतं म्हणून, आणि मराठी माणसाची बडोद्याला एखादी आत्या असतेच म्हणून. आमची नव्हती. आम्ही एका हॉटेलात दोन खोल्या आधीच पैसे भरून घेतल्या होत्या. पोहोचलो तर एकच खोली शिल्लक, दुसरी 'सिस्टीममध्ये दिसत नाहीये'. सहा माणसं, एक खोली, आणि काउंटरवरचा मुलगा हसतमुख. तासभर वाद घालून शेजारच्या इमारतीत दुसरी खोली मिळाली. तेव्हापासून नियम केलाय: निघायच्या आदल्या दिवशी फोन करून खोल्यांची संख्या त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायची.

संध्याकाळी हातपाय मोकळे करायला सयाजीबाग आहे. दांडिया बाजारात मराठी पाट्या बघून आईचा प्रवासाचा शीण निम्मा उतरला.

पेट्रोल आणि टोलचा अंदाज?

जाऊन-येऊन बाराशे किलोमीटर, शिवाय मोढेरा-पाटण आणि इकडेतिकडे मिळून दोनशे. चौदाशे धरा. गाडी लिटरला पंधरा देत असेल तर ९३-९४ लिटर. सीएनजीवाल्यांची गुजरातमध्ये चैन आहे, पंप जागोजागी दिसतात. मात्र विरमगाम सोडायच्या आधी टाकी भरून घ्या.

टोलनाके पुष्कळ आहेत. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांसाठी वार्षिक फास्टॅग पास सुरू झालाय, सुरू झाला तेव्हा तो ३००० रुपयांना होता. वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गांवर तो चालतो. वर्षातून दोनदा गावी आणि एकदा अशा ठिकाणी जाणाऱ्याचे पैसे वसूल होतात.

गाडीची काय तयारी?

टायर, स्टेपनी, कूलंट, ब्रेक, वायपरचं पाणी. स्टेपनीत हवा आहे का ते बघा. सगळे म्हणतात 'आहे', बघत कुणी नाही. परत आल्यावर एअर फिल्टर साफ करून घ्या आणि खालून पाण्याचा फवारा मारून धुवा. धुळीत मीठ असतं, ते पत्र्याला लागून राहिलं तर गंज धरतो. खाडीकिनारी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मुलांना गाडी लागते. आणि ज्येष्ठांचं कसं?

रात्री हलकं जेवण, पहाटे रिकाम्या पोटी निघायचं नाही, पण पोटभर खाऊनही नाही. धाकटीला मी अर्धी दशमी दिली आणि मोबाइल काढून घेतला. खाली बघितलं की लागतेच. आलेपाकाच्या वड्या दारातच ठेवल्या होत्या. एकदाच गाडी थांबवावी लागली, वापीच्या अलीकडे.

आईसाठी दर दोन तासांनी थांबा, पाच मिनिटं चालणं. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवल्या, एक डबी तिच्या पर्समध्ये, एक माझ्या. मधल्या सीटवर तिला, मागच्या सीटवर कधीच नाही. रणातली जीप उघडी आणि उंच असते, चढायला धड पायरी नसते. जीपवाल्याला आधी सांगितलं तर स्टूल आणतो. आम्ही आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी नवऱ्याने आणि जीपवाल्याने मिळून आईला वर घेतलं आणि ती दिवसभर त्यावरून हसत होती. पाठीचं दुखणं असेल तर पुढची, ड्रायव्हरशेजारची जागा मागून घ्या.

बाथरूमचं काय?

बायका हा प्रश्न हळू आवाजात विचारतात, म्हणून मोठ्याने उत्तर देते. महामार्गावर पेट्रोल पंप आणि मोठी हॉटेलं बरी आहेत. रणात काही नाही. काहीच नाही. झाड नाही, दगड नाही, आडोसा नाही. सफारी तीन-साडेतीन तासांची असते. निघायच्या आधी जाऊन या, पाणी घोट-घोट प्या. नणंदेने एक जुनी गडद साडी पिशवीत ठेवली होती, दोघींनी धरली की आडोसा होतो. ही युक्ती तिला तिच्या आजेसासूकडून मिळालेली, यात्रेच्या दिवसांतली.

आपली गाडी रणात नेता येते का?

नेऊ नका. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरून, वाटाड्या घेऊन, तिथलीच जीप करा.

आम्ही नेली नव्हती, पण गेलो होतो. म्हणजे असं झालं: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नकाशावर मुक्कामाच्या जागेचा जवळचा रस्ता दिसला, चार किलोमीटर कमी. डांबर संपलं, कच्चा रस्ता आला, मग नुसत्या चाकांच्या खुणा. समोर जमीन सुकी, फरशीसारखी. नवरा म्हणाला, अरे, हा तर हायवे आहे. वीस पावलं गेलो असू. वरचा पापुद्रा पोळीवरच्या फुग्यासारखा फुटला आणि डावं पुढचं चाक खाली बसलं. पापुद्र्याखाली काळा, लोण्यासारखा चिखल. मागे घ्यायला गेलो तर मागचंही बसलं. सूर्य मावळतीला, आई गाडीत, आणि चहूकडे एकही दिवा नाही. अर्ध्या तासाने मिठाच्या आगरातून परतणारा एक ट्रॅक्टर दिसला. दोर बांधला, ओढलं, निघाली. पैसे घ्यायला तयार नव्हता. एवढंच म्हणाला की वरून सुकलेलं दिसलं म्हणजे सुकलेलं नसतं, भाई. नवरा रात्रभर गप्प होता.

वाटाड्याची खरी गरज इथे आहे. खुणेला झाड नाही, दुपारी मृगजळ असं उठतं की समोर तळं, तळ्यात बेट, बेटावर उलटी झाडं दिसतात. आमचा वाटाड्या कशावरून वाट ओळखतो ते मी दोन दिवस बघत होते. मला कळलं नाही.

प्राणी-पक्षी नक्की दिसतात का? वाघासारखं नशिबावर नाही ना?

घुडखर दिसतातच. आम्हाला पहिल्या वीस मिनिटांत चौदा दिसले, वेड्या बाभळीच्या शेंगा खात. तिथे तिला गांडो बावळ म्हणतात, मुलांना ते नाव फार आवडलं. बाहेरून आणून लावलेलं हे झाड रणाच्या कडा गिळत चाललंय, आणि शेंगा खाऊन घुडखरच त्याचं बी पसरवतो.

बाकीचं थोडं नशिबावर, पण फार नाही. कोल्ह्याच्या शेपटीकडे बघा: टोक पांढरं असेल तर वाळवंटी कोल्हा, काळं असेल तर आपली खोकड. धाकटी दोन दिवस नुसती शेपट्या बघत होती. नीलगाई आहेत, लांडगे आहेत पण आम्हाला दिसले नाहीत. पाणथळ भागात क्रौंच आणि कांड्या करकोचे हजारोंनी उतरतात. संध्याकाळी ते आकाशात रांगा करून येतात तेव्हा आधी आवाज येतो, मान वर करून शोधावं लागतं. दुर्बीण प्रत्येकी एक नको, पण दोन तरी हव्यात. सहा जणांत एक असली की भांडणं होतात.

आणि फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित. 'आपले' म्हणायला कारण आहे. ठाणे खाडीत हिवाळ्यात गुलाबी चादर पसरते ती याच पक्ष्यांची, आणि त्यांची वीण होते कच्छच्या मोठ्या रणात. आपल्या खाडीच्या पट्ट्याला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव आलं. निघायच्या आधीच्या एखाद्या रविवारी मुलांना ऐरोलीच्या केंद्रात नेऊन बोटीतून ते दाखवा. मग रणात पोहोचल्यावर पोरं ओळखीचं कुणी भेटल्यासारखी ओरडतात.

मिठाची आगरं बघण्यासारखी आहेत का?

मला विचाराल तर तेवढ्यासाठीच जा.

माझं माहेर आगरी, भाईंदरच्या बाजूचं. आजोबा मिठागरात होते. आगर म्हणजे मिठागर, म्हणून आम्ही आगरी. रणात मीठ पिकवणाऱ्यांना म्हणतात अगरिया. शब्द तोच, मूळ तेच. हे मला जायच्या आधी माहीत होतं, पण आईला मी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीप एका अगरिया कुटुंबाच्या खोपटापाशी थांबली. ताडपत्री, गोणपाट, चार काठ्या. बाजूला सोलरच्या पाट्या आणि पंप. पूर्वी इथे डिझेलची इंजिनं धडधडायची, निम्मं उत्पन्न त्यातच जायचं. आता बरेच जण सोलरवर आलेत. जमिनीखालचं खारं पाणी बोअरमधून उपसून एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडतात, प्रत्येक वाफ्यात ते दाट होत जातं. ही कुटुंबं पावसाळा सरला की रणात येतात, उन्हाळ्यात मीठ काढून गावी परततात. तोवर पिण्याचं पाणीसुद्धा टँकरने.

एक बाई पायाने वाफ्याचा तळ तुडवत होती. आई जीपमधून उतरली, चप्पल काढली आणि काठावर उकिडवी बसली. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगो, यो त आमचे बापाचाच काम!" पुढचा तासभर आम्ही कुणी नव्हतोच. आई आगरी बोलत होती, ती बाई गुजराती, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. लाकडी दंताळं हातात घेऊन आईने दाखवलं की आमच्याकडे असं ओढतात. त्या बाईने ते काढून घेऊन दाखवलं की इथे असं. फरक काय तो आईनेच मला नंतर समजावला. आपल्याकडे भरतीचं पाणी फुकट येतं, इथे उपसावं लागतं. आपल्याकडे मीठ थोड्या थोड्या दिवसांनी ओढतात, दाणा बारीक. इथे महिनोन्‌महिने राखतात, दाणा बोराएवढा होतो. खारघोड्याच्या बाजूच्या या मिठाला वडागरू म्हणतात.

मुलीने विचारलं की एवढ्या मिठाचे यांना किती पैसे मिळतात. वाटाड्याने सांगितलेला किलोचा भाव ऐकून ती म्हणाली, रुपयांत सांग ना. तो रुपयांतच सांगत होता. रुपया पुरा नव्हता.

जाणार असाल तर सकाळी जा, आधी विचारून फोटो काढा, वाफ्यात चपला घालून उतरू नका. मुलांची पुस्तकं, वह्या, टोप्या नेल्या तर उपयोगी पडतात. चॉकलेटं वाटत फिरू नका.

राहायला, खायला काय?

दसाडा, झैनाबाद, बजाण्याच्या आसपास कॅम्प आणि खोल्या आहेत, मातीच्या गोल घरांपासून (कच्छात त्यांना भुंगा म्हणतात) साध्या खोल्यांपर्यंत. जेवण आणि सफारी धरून भाव विचारा, वेगवेगळा विचारलात तर महाग पडतं. नाताळात आणि शनिवार-रविवारी महिनाभर आधी धरायला हवं.

जेवण काठियावाडी: बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो (आपलं भरीतच, पण लसूण दणकून), सेव-टमाटर, गूळ, लोणी आणि ताकाचे तांब्ये. दुसऱ्या दिवसापर्यंत मजा, तिसऱ्या दिवशी नवऱ्याला बोंबील आठवायला लागले. महामार्गावर शाकाहारीच गृहीत धरा. चहा 'अडधी' मागा, अर्धा कप येतो आणि तेवढा पुरतो. साखर आपल्या दुप्पट.

बरोबर आम्ही दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तिळाचे लाडू आणि मेतकूट नेलं होतं. दशम्या दुधात भिजवलेल्या, तिसऱ्या दिवशीही मऊ होत्या.

दारू?

गुजरातमध्ये दारूबंदी आहे, परवान्याशिवाय बाळगणं हा गुन्हा. हद्दीवर गाड्या तपासतात. डिकीत 'एकच बाटली आहे' म्हणणाऱ्या भाऊजींना घरीच समजवा.

मोबाइल, दवाखाना, काही अडलं तर?

गावांत रेंज आहे, रणात येते-जाते. नकाशा आधीच उतरवून ठेवा, आणि आमच्यासारखा आंधळा विश्वास ठेवू नका. साध्या उपचारांना दसाडा-पाटडी, मोठं काही असेल तर विरमगाम किंवा थेट अहमदाबाद. रुग्णवाहिकेला १०८, महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३.

कपडे?

ठाणेकरांची थंडीची कल्पना म्हणजे पंखा दोनवर. रणात डिसेंबरच्या पहाटे उघड्या जीपमध्ये वारा हाडात जातो. कानटोपी, स्वेटर, आजीला शाल आणि वरून चादर. दहा वाजता हे सगळं काढून बसावं लागतं. तोंडाला बांधायला ओढणी किंवा उपरणं प्रत्येकाला, धुळीसाठी.

आसपास आणखी काय?

एकच दिवस असेल तर मोढेरा आणि पाटण. मोढेऱ्याचं सूर्यमंदिर सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या काळातलं, १०२६-२७ च्या सुमाराचं. समोरचं कुंड बघून मुलगा पायऱ्या मोजायला बसला आणि हरला. पाटणची राणी की वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, शंभराच्या जांभळ्या नोटेवर आहे. तिथे उभं राहून नोट काढून ताडून बघायचं, हे सगळेच करतात, आम्हीही केलं. २०१४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे.

पक्ष्यांचं वेड असेल तर त्याऐवजी नळसरोवर. १२० चौरस किलोमीटरचं उथळ पाणी, पहाटे नावेतून. दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

रेल्वेने नाही का जाता येणार?

येतं. भुजकडे जाणाऱ्या गाड्या विरमगामवरून जातात, बोरिवलीला चढायचं, विरमगामला उतरायचं, कॅम्पवाले गाडी पाठवतात. वृद्ध माणसं जास्त असतील तर हेच करा. मला रस्ता हवा होता.

नवी मुंबईहून काही वेगळं?

ठाण्यापर्यंत या, पुढे तेच. वाशी-बेलापूरहून पहाटे साडेतीनला निघालात तर घोडबंदर वेळेत पार होतं. येताना मात्र रविवारी संध्याकाळी वसई-फाउंटनला अडकाल, सोमवारी शाळा आहे हे विसरा.

येताना काय आणायचं?

रणातून काही उचलू नका. पीस, हाड, शिंपला, काहीच नाही, अभयारण्य आहे. विरमगामहून गाठिया घ्या. पाटणचं पटोळं, म्हणजे तिथली रेशमी साडी, बघा, भाव विचारा, नमस्कार करून निघा.

त्या अगरिया बाईने आईच्या पदरात मूठभर मिठाचे खडे बांधले होते. ते घरी एका स्टीलच्या डब्यात ठेवले. जुलैत ठाण्याच्या हवेने डब्याला पाणी सुटलं, तर आईने ऊन पडेल त्या दिवशी तो डबा खिडकीत ठेवायला सुरुवात केली. सध्या त्यात सात खडे आहेत. आठवा धाकटीने शाळेत दाखवायला नेला होता, तो कुणीतरी चाटला.